रात्री ताऱ्यांवरून दिशा कशी काढायची

ताऱ्यांवरून दिशा ओळखायची म्हटलं की बहुतेक जण पहिल्याच पायरीवर थांबतात. ‘मला तारे ओळखता येत नाहीत,’ म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. खरं तर एकाही ताऱ्याचं नाव माहीत नसलं, तरी दोन काठ्या आणि वीस मिनिटं एवढ्या भांडवलावर चारही दिशा काढता येतात. नावं माहीत असली तर काम लवकर होतं, इतकंच. नीट समजून घ्यायची गोष्ट एकच आहे: आकाश फिरतं कसं. ती डोक्यात बसली की ध्रुव, सप्तर्षी, मृग, त्रिशंकू या सगळ्यांचा अर्थ आपोआप लागतो.

एक मर्यादा मात्र आधीच सांगायला हवी. तारे दिशा दाखवतात. तुम्ही नकाशावर कुठे आहात हे ते आपण होऊन सांगत नाहीत. वस्ती पश्चिमेला आहे हे तुम्हाला माहीत असेल, तर पश्चिम कुठली ते तारे सांगतील. वस्तीच कुठल्या दिशेला आहे हे ठाऊक नसेल, तर ध्रुव तारा सापडूनही हाती काही लागत नाही. म्हणून अनोळखी मुलखात शिरताना, उजेड आहे तोवरच ‘मोठा रस्ता दक्षिणेला, नदी पूर्वेला’ एवढं मनाशी पक्कं करून ठेवावं. ताऱ्यांचा उपयोग तिथून सुरू होतो.

आकाशाचा आस

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून सगळं आकाश पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकताना दिसतं. ताऱ्यांची एक फेरी 23 तास 56 मिनिटांत पूर्ण होते, म्हणजे तासाला साधारण 15 अंश. दिवसाचे 24 तास भरायला जी चार मिनिटं कमी पडतात, त्यांच्यामुळे प्रत्येक तारा रोज चार मिनिटं लवकर उगवतो आणि महिन्याभरात हा फरक दोन तासांचा होतो. जानेवारीत रात्री दहाला जे तारे जिथे दिसतात, ते फेब्रुवारीत आठलाच तिथे आलेले असतात. ऋतूप्रमाणे आकाश बदलतं ते यामुळे.

हे फिरणं डोळ्यांसमोर आणायचं असेल तर उघडी छत्री डोक्यावर तिरकी धरा आणि दांडी बोटांत फिरवा. कापडावर आतून ठिपके काढलेले असतील तर प्रत्येक ठिपका गोल फिरतो, दांडीजवळचा लहान वर्तुळात आणि काठाजवळचा मोठ्या वर्तुळात. दांडी कापडाला जिथे मिळते तो बिंदू मात्र जागचा हलत नाही. पृथ्वीचा आस दोन्ही टोकांना वाढवत नेला तर आकाशात असे दोन न हलणारे बिंदू मिळतात, एक बरोबर उत्तरेला आणि दुसरा बरोबर दक्षिणेला. उत्तर गोलार्धातून पहिला दिसतो, दक्षिण गोलार्धातून दुसरा. रात्री दिशा काढण्याच्या बहुतेक युक्त्या म्हणजे यांपैकी एक बिंदू शोधण्याच्या, किंवा तो न शोधताच आकाशाच्या फिरण्याचा फायदा घेण्याच्या युक्त्या आहेत.

उत्तरेच्या बिंदूपाशी योगायोगाने एक बऱ्यापैकी ठळक तारा आहे, तोच ध्रुव. तो आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा आहे असं अनेकांना वाटतं. तसं नाही, त्याच्याहून तेजस्वी असे चाळीसहून जास्त तारे आकाशात आहेत. त्याचं मोल जागेमुळे आहे. आणि ती जागाही तंतोतंत नाही: ध्रुव तारा खऱ्या बिंदूपासून पाऊण अंशाहून थोडा कमी दूर आहे, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीपेक्षा जरासा जास्त. चालणाऱ्या माणसाला एवढ्या चुकीने काही फरक पडत नाही.

‘अढळपद’ हेही कायमचं नाही. पृथ्वीचा आस सुमारे 26,000 वर्षांत एक संथ गिरकी घेतो, त्यामुळे न हलणारा बिंदू ताऱ्यांमधून सरकत राहतो. इसवी सनापूर्वी 2800 च्या सुमारास त्याच्याजवळ कालेय तारकासमूहातला ठुबान हा तारा होता. कोलंबसाच्या काळात आपला आजचा ध्रुव त्या बिंदूपासून साडेतीन अंशांच्या आसपास दूर होता, आणि दर्यावर्दींना त्याचा हिशेब ठेवावा लागे. आणखी सुमारे बारा हजार वर्षांनी अभिजित त्या भागातला ठळक तारा असेल.

ध्रुव सापडतो कसा

सप्तर्षी म्हणजे चार ताऱ्यांचा चौकोन आणि त्याला जोडलेली तीन ताऱ्यांची वाकडी शेपटी. चौकोनातले शेपटीपासून सर्वांत लांबचे दोन तारे म्हणजे पुलह आणि क्रतु. पुलहाकडून क्रतूकडे मनातल्या मनात रेघ ओढा आणि तीच पुढे वाढवा. त्या दोघांमध्ये जेवढं अंतर आहे, त्याच्या साधारण पाचपट पुढे गेलं की एक एकटा तारा लागतो. तो ध्रुव. खात्री करायला एक सोपी खूण आहे: त्याच्या आसपास, हात ताणून धरलेल्या दीड मुठीच्या टापूत, त्याच्या तोडीचा दुसरा तारा नाही.

सप्तर्षी क्षितिजाखाली असतील तेव्हा शर्मिष्ठा मदतीला येते. ती ध्रुवाच्या पलीकडच्या बाजूला आहे, त्यामुळे एक बुडत असताना दुसरी वर चढत असते. शर्मिष्ठेचे पाच तारे ‘एम’ किंवा ‘डब्ल्यू’ या इंग्रजी अक्षरासारखे दिसतात. ती ध्रुवाच्या वर असली की ‘एम’ दिसतो आणि त्याचं मधलं टोक खाली ध्रुवाच्या रोखाने असतं. ध्रुवाच्या खाली गेली की ‘डब्ल्यू’ होतो आणि तेच टोक वर रोखलेलं असतं. मधल्या ताऱ्यापासून ध्रुव सुमारे 29 अंशांवर, म्हणजे जवळजवळ तीन मुठींवर आहे.

मूठ हे इथलं खरं मोजमाप आहे. हात पूर्ण ताणून डोळ्यांसमोर मूठ धरली तर ती आडवी साधारण 10 अंश झाकते, मधली तीन बोटं एकत्र 5 अंश आणि करंगळी 1 अंश. हात लांब असेल तर मूठही मोठी असते, म्हणून हे माप लहानथोर सगळ्यांना जवळपास सारखंच लागू पडतं. सप्तर्षींचे ते दोन रोखदर्शक तारे तीन बोटांच्या मापाने एकदा मोजून बघा. बोटांच्या दोन्ही कडांशी ते येतात. एवढं केलं की पुढचं सगळं मोजणं हातात बसतं.

ध्रुव सापडल्यावर त्याच्यापासून सरळ खाली क्षितिजापर्यंत नजर आणा. जमिनीवरचं ते झाड, तो खडक, तो दिवा म्हणजे उत्तर. ही शेवटची पायरी लोक गाळतात आणि मान वर करूनच चालायला लागतात. दिशा जमिनीवर उतरवली नाही तर ती पावला-पावलाला हातून सुटते.

ध्रुवाची उंची आणखी एक गोष्ट सांगते, आणि ती मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटते. क्षितिजापासून ध्रुव जितके अंश वर, तितका तुमचा अक्षांश. उत्तर ध्रुवावर तो थेट डोक्यावर, विषुववृत्तावर क्षितिजाला टेकलेला. दोन मुठी वर असेल तर तुम्ही 20 अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहात. एक अंश म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे 111 किलोमीटर, त्यामुळे मुठीने मोजून जागेचा अंदाजच येतो. अरब दर्यावर्दी हेच काम ‘कमाल’ नावाच्या साधनाने कितीतरी बारकाईने करत. एक लाकडी पाटी, तिच्या मध्यातून काढलेली दोरी आणि दोरीला गाठी. गाठ दातांत धरायची, दोरी ताणायची, पाटीची खालची कड क्षितिजाला लावायची आणि वरच्या कडेवर ध्रुव येतो का ते बघायचं. गाठी ओळखीच्या बंदरांच्या अक्षांशानुसार मारलेल्या असत. एखाद्या बंदराच्या गाठीवर ध्रुव बरोबर बसेपर्यंत उत्तर-दक्षिण जायचं, मग तीच उंची राखत पूर्वेला किंवा पश्चिमेला वळायचं. बंदर त्या रेषेवर कुठेतरी येणारच.

ध्रुवाशिवाय

विषुववृत्ताच्या जवळ ध्रुव इतका खाली असतो की धुकं, झाडी, डोंगर यांत तो हरवतो. दक्षिण गोलार्धात तो मिळतच नाही. तेव्हा दुसरा आधार हवा, आणि जगात कुठूनही चालणारा असा आधार मृग नक्षत्रात आहे. मृगाच्या मध्यभागी बाणाचे तीन तारे एका ओळीत आहेत. त्यांतला जो सर्वांत आधी उगवतो तो आकाशाच्या विषुववृत्तावर, म्हणजे दोन्ही न हलणाऱ्या बिंदूंच्या बरोबर मधोमध जाणाऱ्या वर्तुळावर, जवळजवळ नेमका बसलेला आहे. याचा परिणाम असा की तो पृथ्वीवर जवळपास कुठूनही बरोबर पूर्वेला उगवतो आणि बरोबर पश्चिमेला मावळतो. सूर्याची उगवण्याची जागा वर्षभर उत्तर-दक्षिण सरकत राहते, या ताऱ्याची सरकत नाही. डिसेंबरात तो तिन्हीसांजेनंतर उगवताना दिसतो, एप्रिलच्या सुमारास संध्याकाळी मावळतीला असतो.

दक्षिणेच्या बिंदूपाशी ध्रुवासारखा ठळक तारा नाही. तिथे त्रिशंकू कामाला येतो: चार ताऱ्यांचा छोटा, नेटका क्रूस. त्याच्या लांब दांड्याची रेघ पायथ्याकडून पुढे साडेचार पट वाढवली की दक्षिणेचा बिंदू येतो. तिथून सरळ खाली क्षितिजावर दक्षिण. जवळच खोटा त्रिशंकू म्हणून ओळखला जाणारा मोठा आणि फिका क्रूस आहे, तो चकवतो. खऱ्या त्रिशंकूच्या शेजारी मित्र आणि मित्रक हे दोन अतिशय तेजस्वी तारे असतात, हीच त्याची ओळख. उत्तर गोलार्धातही 25 अंशांच्या खालच्या अक्षांशांवरून मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास तो दक्षिण क्षितिजावर उभा दिसतो, आणि असा उभा असताना मोजमाप न करताही तो दक्षिण दाखवतो.

आता काठ्यांची युक्ती. आकाश बहुतांश झाकलेलं असेल, एखाद्याच तुकड्यात दोनचार तारे दिसत असतील आणि ते कुठले हे कळत नसेल, तेव्हा हीच एक पद्धत उरते.

एक काठी जमिनीत रोवा, कमरेएवढी. तिच्यापासून हातभर अंतरावर तिच्याहून आखूड दुसरी काठी रोवा. आखूड काठीमागे जमिनीवर आडवे व्हा किंवा बसा, डोळा तिच्या टोकाशी आणा आणि दोन्ही टोकांच्या रेषेत एक ठळक तारा धरा. तो बरोबर डोक्यावरचा नको आणि क्षितिजाला अगदी लागलेलाही नको. मग पंधरा-वीस मिनिटं काठ्यांना हात न लावता थांबा. या वेळात तारा तीन ते पाच अंश सरकतो, म्हणजे तीन ते पाच करंगळ्या. डोळ्यांना हे स्पष्ट कळतं. पुन्हा त्याच जागी डोळा लावून बघा. तारा काठीच्या टोकावरून वर चढला असेल तर तुम्ही पूर्वेकडे बघताय. खाली उतरला असेल तर पश्चिमेकडे. उजवीकडे सरकला असेल तर तोंड दक्षिणेला, डावीकडे सरकला असेल तर उत्तरेला. बहुतेकदा तो तिरका जातो. चढत-चढत उजवीकडे गेला तर अंदाज पूर्व ते दक्षिण यांच्या मधला धरावा.

या नियमाची गंमत अशी की तो दोन्ही गोलार्धांत तसाच लागू होतो, कारण आकाश दोन्हीकडे पूर्वेकडूनच पश्चिमेला जातं. एक अपवाद लक्षात ठेवा: न हलणाऱ्या बिंदूच्या खालून जाणारे तारे उलट्या बाजूला सरकतात. म्हणून दोन वेगवेगळ्या ताऱ्यांवर ही परीक्षा घ्यावी. निवडलेला ‘तारा’ प्रत्यक्षात ग्रह असला तरी बिघडत नाही, एका रात्रीपुरता तोही आकाशाबरोबरच फिरतो. विमान आणि उपग्रह मात्र दोनचार मिनिटांतच आपली चाल दाखवून देतात.

पक्षीही नेमकं हेच करतात असं दिसून आलं आहे. स्टीफन एम्लेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने इंडिगो बंटिंग या रात्री स्थलांतर करणाऱ्या पक्ष्याची पिल्लं तारांगणात वाढवली. काही पिल्लांना दाखवलेलं आकाश त्याने ध्रुवाऐवजी मृगातल्या काक्षी या ताऱ्याभोवती फिरवलं. स्थलांतराचा हंगाम आला तेव्हा ती पिल्लं काक्षी ज्या बाजूला होता तिला उत्तर समजून तिच्या उलट्या दिशेला जायला धडपडू लागली. म्हणजे पिल्लं ध्रुव ताऱ्याचं ज्ञान घेऊन जन्माला येत नाहीत. लहानपणी ती आकाश बघत राहतात, ते कशाभोवती फिरतं हे शिकतात आणि मग त्या भागातल्या ताऱ्यांच्या आकृत्या लक्षात ठेवतात.

चंद्राबद्दल थोडक्यात. शुक्ल पक्षात त्याची उजळ बाजू पश्चिमेकडे असते, कृष्ण पक्षात पूर्वेकडे. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना पूर्वेला उगवतो. कोरीची दोन टोकं जोडणारी रेघ क्षितिजापर्यंत आणली की दक्षिण मिळते, असंही सांगितलं जातं, पण ते उत्तरेकडच्या वरच्या अक्षांशांवर कसंबसं चालतं. विषुववृत्ताच्या जवळ कोर आडवी पडते, त्यामुळे या नियमावर भिस्त ठेवू नये.

दिशा मिळाली, आता चालायचं

दिशा काढणं आणि ती धरून चालणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं जास्त अवघड आहे. जर्मनीतल्या मॅक्स प्लँक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितलं होतं. सूर्य दिसत होता तेव्हा लोक बऱ्यापैकी सरळ गेले, आभाळ आल्यावर गोल-गोल फिरू लागले आणि तरी आपण सरळच चाललोय असं त्यांना वाटत राहिलं. वाळवंटात रात्री चाललेला माणूस चंद्र दिसत होता तोवर सरळ गेला. चंद्र दिसेनासा झाल्यावर त्याने अनेक वळणं घेतली. आपल्या शरीरात सरळ रेषा नाही, ती बाहेरून घ्यावी लागते.

ध्रुव दिसत असेल तर काम सोपं: पश्चिमेला जायचं तर तो उजव्या खांद्याच्या बाजूला ठेवा, पूर्वेला जायचं तर डाव्या. तो रात्रभर जागा सोडत नाही. दिसत नसेल तर ज्या दिशेला जायचंय तिथे क्षितिजापासून दोन-तीन मुठी वरचा एक तारा निवडा आणि त्याच्या खालची जमिनीवरची खूण धरून चाला. पंधरा-वीस मिनिटांनी तो तारा सोडून द्या आणि त्याच दिशेवरचा नवा तारा घ्या. एकाच ताऱ्यामागे दोन तास चाललात तर तो तुम्हाला आपल्याबरोबर वळवत नेईल.

पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरच्या नावाड्यांनी हीच युक्ती पराकोटीला नेली. एखादा तारा क्षितिजावर ज्या जागी उगवतो ती जागा माणसाच्या आयुष्यभरात बदलत नाही. तो वर चढला की त्याच जागेतून उगवणारा दुसरा तारा धरायचा, मग तिसरा; रात्रभराची अशी साखळी तोंडपाठ असायची. 1976 साली मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटाचे माउ पिआइलुग यांनी ‘होकुलेआ’ ही दुहेरी होडी कुठलंही उपकरण न वापरता हवाईहून ताहितीला नेली, चार हजारांवर किलोमीटर. या प्रवासाच्या दोन्ही टोकांना डोक्यावरून जाणारा एकेक तेजस्वी तारा आहे: हवाईवरून स्वाती, ताहितीवरून व्याध. स्वाती मध्यावर येताना डोक्याच्या किती उत्तरेला सरकली आणि व्याध डोक्याच्या किती जवळ आला, यावरून दक्षिणेकडे किती उतरलो ते कळतं.

पूर्व-पश्चिम किती आलो हे मात्र नुसत्या ताऱ्यांवरून कळत नाही, कारण ठरावीक वेळाने तेच आकाश शेजारच्या रेखांशावरही येतं. चार मिनिटं म्हणजे एक अंश. त्यासाठी मूळ ठिकाणची अचूक वेळ जवळ हवी, आणि डुलत्या जहाजावर वेळ राखणारं घड्याळ अठराव्या शतकापर्यंत नव्हतं. ब्रिटिश संसदेने 1714 साली या कोड्यासाठी 20,000 पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं, आणि जॉन हॅरिसन या घड्याळजीचं चौथं घड्याळ 1761 साली चाचणीसाठी जमैकाच्या सफरीवर निघालं. आज मनगटावरचं साधं घड्याळही त्या कामाला पुरेसं आहे, फक्त ताऱ्याची उंची अचूक मोजायला सेक्स्टंट हे कोन मोजायचं उपकरण लागतं.

जमिनीवर अडकलेल्या माणसासाठी एक-दोन व्यावहारिक गोष्टी उरतात. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा पडदा एकदा उजळला की ती कमाई जाते; नकाशा बघायचाच असेल तर मंद लाल उजेडात बघा. अंधुक तारा थेट न बघता जरा बाजूला नजर ठेवून बघितला तर जास्त ठळक दिसतो. पायाखालची जमीन खडकाळ असेल, कडा किंवा पाणी जवळ असेल, तर दिशा कितीही पक्की असली तरी रात्री चालू नका. त्याऐवजी उत्तर सापडताच हातभर लांबीची सरळ काठी त्या रेषेत जमिनीवर ठेवा, दोन्ही टोकांना दगड लावा आणि उत्तरेच्या टोकाला दोन दगड ठेवा. मग पहाटे आभाळ भरून आलं, सूर्य कुठे उगवला ते कळलं नाही, तरी रात्री काढलेली दिशा तिथे जशीच्या तशी असते आणि उजेडात त्या रेषेवरून निघता येतं.